शॉपिंग प्लाझाची सुरक्षा तपासणी करताना नेमकं काय पाहावं?

आधी पार्किंग आणि पायवाटा पाहा; भरपाईचे बरेच दावे घसरून किंवा अडखळून पडण्यातूनच येतात. दोन फरशांमध्ये जेमतेम ६ मिलिमीटरचा उंचवटा असला तरी पाय अडखळू शकतो. एक फेरी पावसानंतर माराच, कारण पाणी कुठे साचतं ते कोरड्या दिवशी कळत नाही. दुसरी अंधार पडल्यावर, बंद दिव्यांसाठी. मागचे आपत्कालीन दरवाजे स्वतः ढकलून बघा. तिथे अनेकदा मालाचे खोके रचलेले असतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. प्रत्येक दोषाचा तारखेसह फोटो घ्या, दुरुस्ती कोणी व कधी केली तेही लिहा. दोष माहीत असूनही तसाच ठेवला, तर दाव्यात मालकाची बाजू लंगडी पडते. सामायिक जागेची जबाबदारी कोणाची, हे भाडेकरारात तपासा.