वाचकांचे प्रश्न: वॅग्नरच्या कार्डाला एवढा भाव कशाला?

मागच्या अंकात जुन्या बेसबॉल कार्डांबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर निपाणीपासून खानापूरपर्यंत प्रश्न आलेत. आपल्या क्रिकेटवेड्या भागात एवढे बेसबॉलवाले कुठं लपून बसले होते काय की!

आमच्या आजोबांची तंबाखूची वखार होती. अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटातनं खेळाडूंची कार्डं यायची आणि त्यातलं वॅग्नर नावाच्या माणसाचं कार्ड कोट्यवधीला जातं म्हणे. खरं काय ओ हे? आणि एवढं काय केलंय त्यानं? (निपाणी)

खरं आहे. अमेरिकन टोबॅको कंपनीनं 1909 ते 1911 मध्ये पीडमाँट, स्वीट कॅपोरल असल्या सिगारेटींच्या पाकिटात ही कार्डं घातली, पाकीट चेपू नये म्हणून पुठ्ठा लागायचाच, मग त्याच पुठ्ठ्यावर खेळाडू छापला की गिऱ्हाईक पण परत येतंय. या मालिकेला आज टी-206 म्हणतात. त्यात होनस वॅग्नरचं कार्ड छापायचं मध्येच थांबलं, आणि आता जगात साधारण पन्नास-साठच उरलीत. 2022 मध्ये एक कार्ड साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं. थांबलं का, तर पोरांनी कार्डासाठी तंबाखू घेऊ नये म्हणून त्यानंच नको म्हटलं अशी एक गोष्ट सांगतात, आणि पैशावरनं बिनसलं अशी दुसरी. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळायचा, त्यामुळं पहिली गोष्ट निपाणीकरांनी जरा जपूनच ऐकावी.

पण माणूस नुसत्या कार्डाचा नव्हता हो. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा पट्ट्यातला, लहानपणी खाणीत काम केलेला. 1897 ते 1917 खेळला, बहुतेक सगळं पिट्सबर्ग पायरेट्स या संघाकडनं. जागा शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावताना गाठायच्या थांब्यांच्या) मधली, जिथं बॉल सगळ्यात जास्त येतात. नॅशनल लीग या मोठ्या स्पर्धेत आठ वेळा बॅटिंगच्या सरासरीत (किती वेळा बॅटिंग केली त्यात किती हिट) पहिला. 1936 मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी पहिले पाच निवडले त्यात बेब रूथ, टाय कॉब असल्या दिग्गजांसोबत हा होता. आपल्याकडच्या रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल या दोघांना 2008 मध्ये करारावर घेतलं ते याच पिट्सबर्ग पायरेट्सनं, हे जाता जाता.

आणखी एक. सगळ्यात गाजलेलं जे वॅग्नर कार्ड, त्याच्या कडा कापून ते कोरं करकरीत दिसेल असं केलं होतं, आणि ज्यानं हे केलं त्या लिलाववाल्यानंच 2013 मध्ये कोर्टात कबूल केलं. तेव्हा कडा फार सरळ दिसल्या की आधी पट्टी लावा.

चुलतभाऊ न्यू जर्सीहून येताना दोन डबे भरून 1989-90 ची कार्डं घेऊन आला. आता तिशी-पस्तिशीची झाली, किंमत आली असेल की? (टिळकवाडी, बेळगाव)

नाही आली, आणि लवकर येईल असं वाटत पण नाही. तोवर लोकांना कळलं होतं की जुनी कार्डं पैसे देतात, मग कंपन्यांनी बेसुमार छापली आणि लोकांनी पाकिटं न फोडता जपून ठेवली. सगळ्यांनीच जपलं की दुर्मिळ काय राहणार? केन ग्रिफी ज्युनिअरचं 1989 चं अपर डेक कंपनीचं एक नंबरचं कार्ड बघा डब्यात आहे काय. 630 होमरन (एका फटक्यात सगळे बेस फिरून येणं, आपल्या षटकारासारखं) मारलेला, 2016 मध्ये हॉल ऑफ फेमला 99.3 टक्के मतं पडलेला खेळाडू, आणि तरी त्याचं हे कार्ड भरपूर मिळतंय. डबे विकायला काढू नका, पोरांना द्या, हाताळू देत.

ऑनलाइन 1952 चं मिकी मँटल कार्ड 900 रुपयांत मिळतंय, घेऊ काय? (गोकाक)

शोभेला घ्यायचं तर घ्या, रिप्रिंट आहे ते. मँटल हा न्यूयॉर्क यांकीज संघाचा गाजलेला खेळाडू, त्याचं टॉप्स कंपनीचं अस्सल 311 नंबरचं एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलंय, 900 रुपयांत कोण देईल ओ? ओळखायची सोपी खूण म्हणजे माप. 1952 चं टॉप्स कार्ड अडीच इंचापेक्षा थोडं जास्त रुंद आणि पावणेचार इंच उंच, आताचं साधं कार्ड अडीच बाय साडेतीन. कंपनीनं 1983 मध्ये स्वतःच ही मालिका परत छापली ती लहान मापात. माप बरोबर आलं म्हणून पण अस्सल ठरत नाही, भिंगाखाली छपाईचे ठिपके बघावे लागतात.

मँटलचं कार्ड ज्या भागात होतं तो 1952 च्या मालिकेचा वर्षाच्या शेवटी आलेला भाग होता, खपला नाही, आणि उरलेली खोकी 1960 मध्ये न्यूयॉर्कजवळ समुद्रात टाकली असं टॉप्सचेच साय बर्गर सांगायचे. भाव म्हणाल तर हँक आरन या दुसऱ्या मोठ्या खेळाडूचे 755 होमरन आणि मँटलचे 536, तरी मँटलचं कार्ड वर, कारण न्यूयॉर्क यांकीज, देखणा चेहरा आणि ती बुडालेली खोकी. मला विचाराल तर मी आरनचं 1954 चं पहिलं कार्ड घेईन, परवडलं असतं तर! मँटल 1951 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (वर्षाच्या अंतिम लढतीत) गुडघा दुखावून बसला आणि पुढं सगळं करिअर त्याच दुखऱ्या पायावर काढलं, 1956 ला सरासरी, होमरन, आरबीआय (हे काय ते खालच्या प्रश्नात) तिन्हीत पहिला आला. शेवटी सरासरी .298 वर थांबली, .300 हुकल्याचं त्याला फार लागलं.

काका, कार्डाच्या मागं आरबीआय लिहिलंय ते काय? (नववीतला विद्यार्थी, शहापूर)

रिझर्व्ह बँक नाही रे! तुझ्या फटक्यामुळं तुमचे जेवढे गडी होम प्लेटवर (बॅटिंगच्या जागी परत, म्हणजे रन झाला) पोचले तेवढे तुझ्या नावावर, ते आरबीआय. आणि .300 म्हणजे दहा वेळा बॅटिंग केली तर तीन वेळा हिट (फटका मारून बेस गाठणं), तिथं हे भारी समजतात. समोरचा फोटो बघून झाला की मागची बाजू वर्षावार वाच, कुठल्या वर्षी आकडे एकदम पडलेत ते शोध आणि मग त्या वर्षी काय झालं ते बघ.

पावसाळ्यात कार्डं वाकतात, बुरशी येते. लॅमिनेशन करून घेऊ काय? (खानापूर)

अजिबात नको! झेरॉक्सवाल्याकडं गरम प्लास्टिकमधनं काढलं की कार्ड संपलं, मग ते वॅग्नरचं असलं तरी. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला, त्यावर कडक प्लास्टिकचं कव्हर, आणि झाकणाच्या डब्यात उभी ठेवा, आडवी एकावर एक नको. बुटाच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या टाका आणि अधूनमधून बदला, डांबरगोळ्या नको. पश्चिमेची भिंत ओलावते तिकडच्या कपाटात तर ठेवूच नका, आणि ऊन पडलं की लगेच वाळत घालू नका, रंग उडतात.