गुरुवारी निघायचंच आहे ना : आरव्हीत राहावं की घर घ्यावं?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही डेन्व्हरजवळ राहतो, दोघांचंही काम घरून चालतं, मुलगी 8 वर्षांची आणि मुलगा 5 चा. सप्टेंबरमध्ये घराचं लीज संपतंय आणि गेले सहा महिने घरात एकच विषय चाललाय, की आत्ता घर घ्यायच्या फंदात न पडता एक मोठी आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेलं चाकांवरचं घर, घ्यायची, सामान विकून टाकायचं आणि दोन-तीन वर्षं मुलांना घेऊन सगळा देश फिरायचा. भाड्यापेक्षा स्वस्त पडेल असा ह्यांचा हिशोब आहे. हे एका पायावर तयार आहेत, माझं मन अजून होत नाहीये. नाशिकहून आई रोज फोनवर म्हणते, हे काय विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, मुलांच्या शाळेचं काय, त्यांना माणसं कधी मिळणार. तुम्ही स्वतः तसं राहिलात आणि मग घर घेतलंत असं तुम्ही मागे लिहिलं होतं. जावं का? आणि तुम्ही परत का आलात?

उत्तर : आम्ही ऑगस्ट 2021 ला निघालो आणि मे 2024 ला थांबलो, म्हणजे पावणेतीन वर्षं. निघताना आमची मुलं बरोब्बर तुमच्या मुलांच्या वयाची होती, त्यामुळे तुमचं पत्र वाचून मला रात्री झोप लागेना. जे माहितीये ते सगळं सांगते.

आधी पैशाचं, कारण तिथे बहुतेकांचा हिशोब चुकतो, आमचाही चुकला. आरव्ही स्वस्त पडते ती एका जागी उभी असताना. महिन्याच्या भाड्याने जागा घेतली तर परवडते, रोजच्या भावाने घेतली तर तेच महिन्याला दुप्पट-तिप्पट होऊ शकतं, आणि आमचा ट्रक 33 फुटी फिफ्थ व्हील (ट्रकला जोडून ओढायचा मोठा ट्रेलर, त्यातच आम्ही राहायचो) ओढताना गॅलनला जेमतेम 9-10 मैल द्यायचा, म्हणजे 200 मैलांची उडी मारली की 20 गॅलन डिझेल गेलं. पश्चिमेकडे बीएलएम या जमीन सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याच्या सरकारी जमिनीवर बऱ्याच ठिकाणी फुकट राहता येतं, पण साधारण 14 दिवस, मग हलायचं, आणि तिथे वीज पाणी काही नसतं, सोलर आणि बॅटऱ्यांवर आधी भरपूर खर्च करावा लागतो. शिवाय गाडीची किंमत घरासारखी वाढत नाही, उतरतेच. आणि विमा घेताना आम्ही यातच कायम राहतो हे स्पष्ट सांगून फुल टायमरची पॉलिसी घ्या, सुट्टीत वापरायच्या गाडीची साधी पॉलिसी घेऊन कायम राहिलात तर क्लेमच्या वेळी अडकाल.

जुनी गाडी घेणार असाल तर टायरचं एक सांगतेच, ते आम्ही जिवावर बेतल्यावर शिकलो. न्यू मेक्सिकोत आय-40 वर ट्रेलरचा टायर फुटला, त्याच्या पट्ट्या सुटून खालची शीट फाटली, गॅसच्या पाईपला चार बोटं उरली होती. टायरची नक्षी एकदम नव्यासारखी होती, पण वय सहा वर्षं. टायरच्या बाजूवर डीओटी लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे चार आकडे बघायचे, आमच्यावर 2315 होते, म्हणजे 2015 सालचा 23 वा आठवडा. हे बघायला अर्धं मिनिट लागतं आणि आम्ही गाडी घेताना बघितलं नव्हतं. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, उभे राहून राहून वयानेच जातात. पाच-सहा वर्षांचे झाले की बदला, दिसायला कितीही चांगले असोत.

रोजचं जगणं जमतं, त्याची भीती बाळगू नका. 30 अँपचं कनेक्शन म्हणजे 3600 वॅट, एसी चालू असताना इन्स्टंट पॉट आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ब्रेकर पडतो, हे पहिल्या आठवड्यात कळतं आणि मग अंगवळणी पडतं. फोडणी दिली की अलार्म वाजतो, म्हणून आधी वरची खिडकी उघडून पंखा लावायचा. पाण्याचं मात्र मनावर घ्या, आमची भांड्यांच्या आणि अंघोळीच्या पाण्याची ग्रे टाकी 40 गॅलनची होती, चार माणसांत हुकअपशिवाय, म्हणजे कॅम्पग्राऊंडचं वीज-पाणी-सांडपाण्याचं कनेक्शन नसताना, ती तिसऱ्या दिवशी भरायची. मुलं पाणी इतकं जपून वापरायला शिकली की अजूनही ब्रश करताना नळ बंद ठेवतात.

शाळेचं. आम्ही मूळचे डॅलसजवळचे, म्हणून कागदोपत्री पत्ता टेक्सासचाच ठेवला, तिथे घरी शिकवायचं असेल तर नोंदणी लागत नाही, परीक्षेची सक्ती नाही. कायमचे फिरणारे बरेच जण टेक्सास, फ्लोरिडा नाहीतर साऊथ डकोटाचा पत्ता करतात, तिन्हीकडे राज्याचा इन्कम टॅक्स नाही, आणि होमस्कूलिंगला मुख्यतः तुमच्या कायमच्या पत्त्याच्या राज्याचा नियम लागतो, तेव्हा पत्ता ठरवतानाच तो वाचून घ्या. हेल्थ इन्शुरन्स नोकरीतून नाही तर सरकारी मार्केटप्लेसमधून घेणार असाल तर ते प्लॅन काउंटीनुसार असतात, दुसऱ्या राज्यात इमर्जन्सी कव्हर होते पण मुलाचा कान दुखतोय म्हणून साध्या डॉक्टरकडे गेलात तर बऱ्याच प्लॅनमध्ये खिशातून भरावं लागतं. नोकरीतून देशभर चालणारा प्लॅन असेल तर तो सोडू नका.

अभ्यासात मुलं मागे पडली नाहीत. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर याक्विना हेडला ओहोटीत खडकांच्या खळग्यांत जांभळे सी अर्चिन आणि स्टारफिश दिसतात, ते बघायला कधी जायचं हे मुलगी भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून काढायची, आजची वेळ, उद्याची वेळ, मधला फरक, आणि वेळेची वजाबाकी तिला मी कधी वेगळी शिकवलीच नाही. ती चौथीच्या वयाची झाली त्या वर्षी तिला सरकारचा चौथीच्या मुलांसाठीचा फुकट पास मिळाला, घरी शिकणाऱ्या मुलांनाही मिळतो, त्या पासवर अख्खं कुटुंब नॅशनल पार्कात जातं. तुमची मुलगी त्या वयाला आली की नक्की घ्या. आणि ह्यांना मुलं खऱ्या अर्थाने त्या पावणेतीन वर्षांत मिळाली, आधी ऑफिसच्या मागे धावताना फक्त रात्री झोपलेली दिसायची. हे सगळं मी पुन्हा एकदा आनंदाने करेन.

आता परत का आलो ते.

टूसॉनजवळ एका कॅम्पग्राऊंडवर आम्ही दोन आठवडे होतो, शेजारी मिशिगनचं एक कुटुंब, त्यांची मुलगी आमच्या मुलीएवढी. दोघींचं असं गूळपीठ जमलं की जेवायलासुद्धा हाका माराव्या लागायच्या. त्यांनी काँक्रीटवर खडूने ठिकरीच्या चौकटी आखल्या होत्या, रोज पुसट झाल्या की परत गिरवायच्या. एका सकाळी मुलगी उठून बाहेर गेली तर शेजारची जागा रिकामी, ते लोक उजाडायच्या आत निघाले होते. खडीवर त्यांच्या ट्रेलरखालचा तेवढा चौकोन कोरडा होता कारण रात्री पाऊस झाला होता, आणि आमच्या बाजूच्या चौकटी वाहून गेलेल्या. ती रडली नाही. ती तिथे उभी राहून नुसती बघत होती, आणि मी खिडकीतून तिला बघत होते.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी युटामध्ये एक मुलगी तिच्याशी खेळायला आली, छान खेळल्या, संध्याकाळी मी विचारलं नाव काय गं तिचं, तर म्हणाली, "विचारलं नाही. विचारून काय करू आई, आपण गुरुवारी निघणारच आहोत ना." अगदी साध्या आवाजात, तक्रार नाही काही नाही. ते वाक्य माझ्या छातीत बसलं ते बसलंच.

लोक म्हणतात आरव्हीतल्या मुलांना मित्र मिळत नाहीत. मिळतात हो, खूप मिळतात, दर आठवड्याला नवे. पण भांडायला मित्र मिळत नाही. भांडण व्हायच्या आधीच कोणीतरी निघून जातं, मग रुसणं नाही, कट्टी नाही, बट्टी नाही, आणि सगळा राग काढायला घरातली तीनच माणसं उरतात. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात रॉलीजवळ घर घेतलं तेव्हा मुलगी 11 ची होत आलेली, पहिल्याच उन्हाळ्यात समोरच्या घरातल्या मैत्रिणीशी तिचं सायकलवरून कडाक्याचं भांडण झालं, 11 दिवस दोघी बोलल्या नाहीत. ती रोज संध्याकाळी पुढच्या खिडकीशी बसायची, मैत्रीण सायकल काढते का बघायला. बाराव्या दिवशी स्वतः रस्ता ओलांडून गेली. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, कारण असं भांडून परत जाणं हे तिला तोपर्यंत कधी करावंच लागलं नव्हतं, समोरचं घर दुसऱ्या दिवशीही तिथेच असणार आहे हे तिला माहीतच नव्हतं.

मुलाला यातलं काही फारसं जाणवलं नाही. तो निघताना पाचचा होता, त्या वयात आई-बाबा आणि खेळायला चिखल असला की पुरतं. म्हणजे हे वयावर आहे, आणि एकाच घरातल्या दोन मुलांचं वेगळं असू शकतं.

म्हणून माझं मत विचाराल तर जा, नक्की जा, पण तीन वर्षांसाठी नको, एका वर्षासाठी जा, आणि मुलगी 10 ची व्हायच्या आत परत या. हळू फिरा, एकेका जागी महिना काढा, आणि शक्य असेल तर जिथे मुलांना जोडीदार मिळाले त्याच कॅम्पग्राऊंडवर परत जा. बरोबर फिरणारं एखादं कुटुंब मिळालं तर त्यांच्याबरोबर मार्ग जुळवा, आम्ही हे तिसऱ्या वर्षी केलं, फार उशीर झाला होता. दर दोन-तीन महिन्यांनी मुलीला एकटीला गाठून विचारा, आणि ती "ठीक आहे" म्हणाली तर तिथे थांबू नका, तिच्या मैत्रिणींची नावं विचारा.

आणि घ्यायच्या आधी भाड्याने घेऊन तीन आठवडे राहून बघा, जूनमध्ये नको, फेब्रुवारीत. कडाक्याच्या थंडीत आरव्ही गरम ठेवणारी 30000 बीटीयूची भट्टी सलग चालली तर 20 पौंडी गॅसचा सिलिंडर 14-15 तासांत संपतो, मग पहाटे चारला टॉर्च घेऊन सिलिंडर बदलायला कोण उठतं आणि त्यानंतर दिवसभर दोघं एकमेकांशी कसं बोलता, ते बघा. सप्टेंबर गाठायची घाई करू नका, हवं तर लीज सहा महिने वाढवून घ्या.

आईंना सांगा, त्यांचा शाळेचा प्रश्न सुटण्यासारखा आहे, पण माणसांचा जो प्रश्न त्या विचारतायत तो खरा आहे.

प्रश्न : आम्ही दोघं एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, काम पूर्ण रिमोट. आरव्हीतून फिरत काम केलं तर चालेल का? मॅनेजर हो म्हणतोय.

उत्तर : मॅनेजरच्या हो म्हणण्यावर जाऊ नका. एच-1बी कामाच्या ठिकाणाला बांधलेला असतो, एलसीएमध्ये, म्हणजे कंपनीने व्हिसासाठी कामगार खात्याकडे भरलेल्या अर्जात, जे ठिकाण दिलंय त्या महानगर क्षेत्राबाहेर कायमचं काम हलवलं तर कंपनीला सुधारित पिटिशन भरावी लागते, 2015 च्या सिमियो कंपनीच्या इमिग्रेशन प्रकरणातल्या निकालापासून हे स्पष्ट आहे. दर महिन्याला राज्य बदलणाऱ्या माणसासाठी कुठली कंपनी हे करेल? शिवाय पत्ता बदलला की 10 दिवसांत एआर-11 हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा असतो. इतक्या वर्षांची ग्रीन कार्डची रांग अशा गोष्टीपायी धोक्यात घालू नका, माझा जीव तुटतो असं कोणी विचारलं की. सुट्टी टाकून तीन-चार आठवडे भाड्याची आरव्ही घेऊन फिरा, मनसोक्त फिरा. कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय त्यापुढे पाऊल टाकू नका.

प्रश्न : आम्ही गेलं वर्षभर आरव्हीत आहोत. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतायत, दोघंही सत्तरीचे. त्यांना आरव्हीत ठेवता येईल का?

उत्तर : माझी आई पाच आठवडे राहिली होती त्यावरून सांगते, सहा महिने नको. आमच्या फिफ्थ व्हीलमध्ये बाहेरून चार घडीच्या पायऱ्या आणि आत बाथरूमला जायला अजून तीन, आईचे गुडघे दुखरे, रात्री दोनदा उठायची तेव्हा मी जागीच असायचे. झोपायला जेवणाचं टेबल पाडून गादी करायची, म्हणजे सकाळी ती उठेपर्यंत कोणाला चहा नाही, आणि आपल्यामुळे सगळे अडकतात म्हणून ती पाचलाच उठून बसायची, हे मला दोन आठवड्यांनी कळलं.

तेवढे महिने एका जागी थांबा. कॅम्पग्राऊंडवर केबिन भाड्याने मिळतात, महिन्याचा दर विचारा, त्यांना केबिन आणि तुम्ही शेजारी आरव्हीत. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी आधाराचा दांडा बसवून घ्या, आणि व्हिजिटर इन्शुरन्स ते विमानात बसायच्या आधी काढा, जुन्या आजारांचं कलम नीट वाचून. फिरायचं असेल तर आरव्ही तिथेच ठेवून गाडीने जा आणि रात्री हॉटेलात थांबा. सासऱ्यांना रोज चालायची सवय असेल तर कॅम्पग्राऊंड निवडताना आत सपाट रस्ता आहे का तेही बघा, आमच्या आईला खडीवर चालताच यायचं नाही आणि ती दिवसभर दारातल्या खुर्चीत बसून राहायची.