त्वचा, केस, नखं: सुरुवात नाडीच्या हातापासून

पुस्तकातली त्वचा-केस-नखांची लांबलचक यादी ओपीडीच्या गर्दीत पूर्ण होत नाही, मग त्यातलं काय गाळायचं, असं तुम्ही विचारलंय. गाळू नका, क्रम बदला. नाडी बघायला पेशंटचा हात हातात घेताच ना? तिथूनच सुरू करा.

हात उजेडाकडे वळवा, जमलं तर खिडकीपाशी. पिवळ्या बल्बखाली सौम्य कावीळ सहज निसटते. दहाही नखं बघा. नेलपॉलिश असेल तर पुसायला सांगा. नख मध्ये खोलगट झालं असेल तर लोहाची कमतरता मनात आणा. क्लबिंगची, म्हणजे बोटांची टोकं फुगून नखं गोलसर होण्याची, शंका आली तर दोन्ही हातांचं तेच बोट नखाला नख लावून धरायला सांगा. मुळाशी पत्त्यातल्या चौकटीसारखी बारीक फट दिसायला हवी. ती बुजली असेल तर छाती नीट तपासल्याशिवाय पेशंटला सोडू नका.

बऱ्याच नखांवर सारख्याच अंतरावर आडवी खाच दिसली तर मात्र थांबाच. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं. खाच मुळापासून ६ मिमी पुढे गेली असेल तर दोनेक महिन्यांपूर्वी काहीतरी मोठं झालेलं असतं: जोराचा ताप, ऑपरेशन, केमोथेरपी. ‘तेव्हा आजारी होतात का?’ असं नेमकं विचारलं की पेशंटला बरोबर आठवतं. त्यात तो केस गळतात म्हणून आला असेल तर दोन्हींचं कारण बहुधा एकच, कारण अशा आजारानंतर केस गळू लागतात तेच दोन-तीन महिन्यांनी. ५०-६० केसांची बट मुळाशी धरून हलकेच ओढा. सहापेक्षा जास्त हातात आले तर गळती अजून चालू आहे. पण आदल्या दिवशी केस धुतले होते का ते आधी विचारा, धुतलेल्या केसांत ही चाचणी फसवते.

सावळ्या त्वचेवर लालीची वाट बघत बसू नका. दाह जांभळट, करडा, कधी नुसताच गडद दिसतो. बोटांच्या पाठीने ऊब बघा, दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. निळेपणा जिभेवर शोधा, फिकेपणा खालच्या पापणीच्या आत. जांभळट ठिपक्यांवर काचेची स्लाइड दाबा. रंग गेला नाही तर त्वचेत रक्त उतरलंय, आणि सोबत ताप असेल तर क्षणाचाही वेळ घालवू नका. फिकट चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो, त्यावर संवेदना तपासल्याशिवाय मलम लिहून देणं मला अजिबात पटत नाही.

नखातल्या काळ्या उभ्या रेघा सावळ्या लोकांत अनेक बोटांवर असतात, त्या बहुधा निरुपद्रवी. एकाच नखावर नव्याने आलेली, रुंदावत जाणारी किंवा शेजारच्या कातडीवर रंग पसरवणारी रेघ दिसली तर त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्या.

अंगावरचे कपडे पडदा ओढून, परवानगी घेऊन, एकेका भागापुरतेच बाजूला करायला सांगा. आणि मोजे काढायला लावाच. पायाला वारंवार सेल्युलायटिस (त्वचेखालचा जंतुसंसर्ग) होणाऱ्या पेशंटच्या बोटांच्या बेचक्यात बघा. तिथली बुरशीची भेग बरी केली नाही तर अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर तो पुन्हा तीच सूज घेऊन येईल.