रानडुक्कर धुऱ्यावर मेलं म्हणून शेडातल्या डुकरांना सुई टोचू नका

रामटेककडच्या एका भाऊंचा प्रश्न आलाय. नाल्याकाठी धुऱ्याजवळ दोन रानडुकरं मरून पडली, अंगावर जखम नाही, घरी बावीस डुकरं आहेत आणि औषध दुकानदार म्हणतो आजच सगळ्यांना एक पॉवरफुल इंजेक्शन मारून घ्या. मारू का?

नाही मारायचं. एकालाही नाही. जखम नसताना रानडुकरं अशी पटापट मेली तर पहिला संशय आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा, म्हणजे डुकरांच्या एका व्हायरस रोगाचा घ्यायचा, आणि भाऊ, त्याच्यावर औषध नाही, आपल्याकडे लसही नाही. दुकानदार देतो ते अँटिबायोटिक असतं, व्हायरसला त्याचं काही होत नाही. डबल डोस दिला तरी होत नाही, तिबल दिला तरी होत नाही. उलट एकच सुई बावीस डुकरांना टोचली की एकाच्या रक्तातला रोग तुम्ही स्वतःच्या हातानं बाकीच्यांत टाकला. मी शेडात जातो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतो, सुई किती वापरल्या, आणि उत्तर बहुतेक वेळा "एकच" असतं.

हा रोग आपल्या देशात २०२० साली आसाम-अरुणाचलकडून दिसला, आणि २०२३ च्या सुरुवातीला तामिळनाडूत मुदुमलाईच्या जंगलात रानडुकरं मेली ती ह्यानंच. आपल्याकडे पेंचचं जंगल आहे, उमरेड-कऱ्हांडल्याचं आहे, रानडुक्कर रात्री वावरात आणि सकाळी जंगलात, म्हणून दूरची गोष्ट समजू नका. माणसाला हा रोग होत नाही, तेवढी भीती सोडा. पण तुमच्या बुटाला, गाडीच्या चाकाला, कोयत्याला लागून तो शेडात येतो.

मेलेल्या रानडुकराला हात लावू नका, ओढू नका, फाडून तर बिलकूल बघू नका, त्याच्या रक्तात व्हायरस ठासून भरलेला असतो. कुत्री हाकला, जागा लक्षात ठेवा, वनखात्याला कळवा आणि १९६२ वर फोन करून पशुवैद्यकीय दवाखान्याला सांगा. झेक प्रजासत्ताकात २०१७ साली रानडुकरांत हा रोग शिरला होता, त्यांनी मेलेली जनावरं शोधून शोधून उचलली, त्या भागाला कुंपण घातलं आणि २०१९ पर्यंत रोग संपवला. मेलेलं जनावर लवकर सापडणं हाच त्यातला मोठा भाग होता, म्हणून कळवा म्हणतो. आणि कोणी त्याचं मटण वाटत असेल तर घरी आणू नका, फ्रीजरमधल्या मांसातही हा व्हायरस वर्षानुवर्षे जिवंत राहतो.

काटोलहून विचारलंय, दुकानदारानं स्वाइन फिव्हरची लस दिली, ती चालते का? ती क्लासिकल स्वाइन फिव्हरची, रोग वेगळा, नाव सारखं, आणि ह्याच गोंधळावर दुकानदारी चालते. ती लस चांगली आहे, जरूर द्या, पण आफ्रिकन रोगाला तिचा उपयोग शून्य. टाइम पण बघा: पिल्लू दोन-अडीच महिन्याचं झाल्यावर, जनावर तंदुरुस्त असताना, बर्फात आणलेली लस, विरघळवली की लगेच संपवायची. शेडात एखादं तापलेलं असताना लस टोचत सुटू नका. कान-पोट लाल-जांभळं, खाणं बंद, एकमेकांवर गोळा होऊन पडणं, दोन्ही रोगांत हेच दिसतं, बघून कोणीच सांगू शकत नाही, मी पण नाही, लॅबच सांगते. दुकानदार फोटो बघून सांगतो म्हणाला तर समजून जा.

आता माझं नेहमीचं, आणि मी हे सांगतच राहणार: डबल कंपाऊंड. एक जाळी पुरत नाही, रानडुक्कर जाळीला नाक लावतं, आतून तुमची डुकरीण लावते, संपलं. दोन जाळ्या, मधे किमान एक मीटर मोकळं, खालची बाजू फूटभर जमिनीत गाडलेली कारण ते उकरतं. आणि शेडाचे बूट वेगळे, शेडातच राहणारे, वावरातून आलात की दारात बदला. ह्याचा खर्च इंजेक्शनपेक्षा जास्त वाटतो, पण बावीस डुकरांसमोर काहीच नाही. तारेत नुसता हलका झटका सोडणारं झटका मशीन चालेल, पण लाइनचा थेट करंट तारेत सोडू नका, माणसं मेलीत आणि गुन्हा पण दाखल होतो.

शेड धुण्यासाठी कॉस्टिक सोडा २ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम. दुकानदार म्हणतो अर्धा किलो टाका, टाकू नका, डुकरांचे पाय आणि तुमचे हात जळतील. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, हातमोजे घालायचे. आधी शेण काढून फरशी घासा, मग टाका, अर्धा तास ठेवून धुवा, तोपर्यंत जनावरं बाहेर. शेणावर टाकलेलं औषध वाया गेलं समजा. हॉटेलचं खरकटं देत असाल तर तासभर चांगलं उकळून, आणि डुकराच्या मटणाचं उष्टं तर उकळूनही नको.

हिंगण्याहून भरपाईचं विचारलंय. लॅबमध्ये रोग पक्का झाला की एक किलोमीटरच्या आतली डुकरं पशुसंवर्धन खातं मारतं, भरपाई केंद्र-राज्य अर्धी-अर्धी देतात, वय-वजनावर ठरते. गुपचूप पुरली किंवा रात्रीतून विकली तर काही मिळत नाही, आणि तुमच्या विकलेल्या डुकरानं दुसऱ्या गावात रोग जातो. अनुदानाचं, म्हणजे नॅशनल लाइव्हस्टॉक मिशनचं, दवाखान्यात विचारा, कागदं तिथेच बघून सांगता येतील.

रामटेकच्या भाऊ, तुम्ही आज एवढंच करा: वावरात घातलेले बूट शेडाबाहेर काढा, नवीन डुक्कर आणू नका, असलेलं विकू नका, पुढचे तीन आठवडे रोज सकाळी प्रत्येकाचं खाणं बघा. एकानं जरी तोंड फिरवलं तर दुकानाकडे नाही, मला फोन.