शर्टाच्या खिशातली तिकिटं

ताई,
आम्ही नाशिकचे. मिस्टरांची बदली झाली म्हणून गेल्या जूनमध्ये बडोद्याला आलो. अकोट्यात भाड्यानं फ्लॅट घेतलाय. नाशिकला माझे शिवणाचे क्लास होते, ते बंद करून आले. हे सकाळी आठला जातात ते रात्री आठला येतात. मुलगी सहावीत, तिला मैत्रिणी मिळाल्या. मला मात्र हे शहर अजून आपलं वाटत नाही. सोसायटीतल्या बायका आपसात गुजराती बोलतात, मी गेले की हिंदी सुरू होतं आणि दोन वाक्यांत विषयच संपतो. बघण्यासारखं म्हणाल तर एक राजवाडा, तो आल्या आल्या बघून झाला. आता रविवारी आम्ही तिघं मॉलमध्ये जातो, बस.

घरी सासरे आहेत, आप्पा, वय ७४. एसटीत कंडक्टर होते. सासूबाई गेल्या, त्यामुळे इकडे येताना त्यांनाही मालेगावहून घेऊन आलो. त्यांचा तसा काही त्रास नाही. फक्त सकाळी सातला बाहेर पडतात ते साडेदहाला उगवतात. मग पोहे परत गरम करा, तेही अर्धे टाकतात. आणि शर्टाच्या खिशात कसली कसली तिकिटं ठेवतात, मशीनमध्ये सगळ्यांच्या कपड्यांना कागदाचा लगदा चिकटतो. सांगून थकले.

दहा महिने झाले. यांना परत नाशिकला बदली मागायला सांगू का? की मीच कुठे कमी पडतेय?
– एक वाचक, बडोदा

बाई, ती तिकिटं कसली होती?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. राजवाडा, मॉल, सोसायटीतल्या बायका यांच्यावर माझं मन काही ठरेना. प्रत्येक वेळी अडकले ती त्या लगद्यापाशी. ‘कसली कसली’ असं लिहिलंत तुम्ही. म्हणजे दहा महिने ओल्या कपड्यांवरून ते कागद नखानं खरवडून काढलेत, पण एकदाही एखादं उलटून पाहिलं नाहीत. पाहिलं असतंत, तर हे पत्र मला लिहायची वेळ आली नसती.

एसटीच्या कंडक्टरचं आयुष्य तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असायला हवं. हातात तिकिटांचा ट्रे, बोटांत पंच, आणि गच्च भरलेल्या गाडीत पुढून मागे सरकत विचारलेला एकच प्रश्न: कुठं जायचं? निवृत्तीपर्यंत हा माणूस लोकांना तिकिटं फाडून देत आला. त्याच्या लेखी तिकीट म्हणजे कचरा नाही. उतरेपर्यंत जपायची, कुणी मागितलं तर दाखवायची वस्तू आहे ती. आता तो स्वतःसाठी तिकिटं काढतोय आणि सवयीनं खिशात जपून ठेवतोय.

माझा अंदाज सांगते. कमाटी बागेतलं संग्रहालय इतक्या सकाळी उघडत नाही, राजवाडाही नाही. सात ते साडेदहात मिळणारी तिकिटं सिटी बसची असणार. तुमचे आप्पा सकाळच्या बसमध्ये बसून एकेक मार्ग शेवटच्या थांब्यापर्यंत बघून येत असणार. एसटीतला माणूस नवं गाव दुसरं कसं शिकेल? आणि अर्धे टाकलेल्या पोह्यांबद्दल तर मला अंदाजही करावा लागत नाही. बडोद्यात सकाळी हिंडणारा माणूस सेव-उसळ खाल्ल्याशिवाय घरी येत नाही. वाटाण्याची उसळ, वरून तिखट तरी, मूठभर शेव, कांद्याची पात. नाशिकच्या मिसळीवर वाढलेल्या तुमच्या जिभेला ती पहिल्या घासात ओळखीची लागेल. तुम्ही अजून खाल्लेली नाही, हे मी पैजेवर सांगते. मॉलमध्ये ती मिळाली तरी ती ती नव्हे.

आता दुसरा शब्द. तुम्ही लिहिलंत, ‘रविवारी आम्ही तिघं’. घरात माणसं चार आहेत.

याला मी चूकभूल म्हणून सोडणार नाही. ज्याचा ‘तसा काही त्रास नाही’, तो माणूस आपल्या मोजणीतून कधी गळतो ते कळतही नाही. बायको गेली, मालेगावचं घर सुटलं, चौकात हाक मारणारी माणसं सुटली, आणि ७४ व्या वर्षी, तुमच्याच महिन्यात, तुमच्याच फ्लॅटमध्ये तेही नवे आले. तुमचे क्लास सुटले याचं मला वाईट वाटतं, पण दहा महिन्यांत तुम्ही घरात बसून शहराला नावं ठेवलीत आणि त्यांनी रोज पायात चपला घातल्या. एकाच घरात एकाला गाव परकं राहिलं आणि दुसऱ्यानं त्याची तिकिटं गोळा केली. दुसऱ्याला विचारावं, असं पहिल्याला सुचलं नाही.

मी बडोद्यात तीन वर्षं काढली आहेत, दांडियाबाजारात. पहिलं वर्ष माझंही दोन रस्त्यांवर गेलं. मग शेजारच्या काकू एकदा हाताला धरून खंडेराव मार्केटात भाजीला घेऊन गेल्या. ताज्या हरभऱ्याच्या जुड्या, फुलांच्या राशी, आणि मधेच ‘काय गं, नवी का?’ असं मराठीत विचारणारी भाजीवाली. त्या दिवसापासून मी बडोद्याची झाले. म्हणून मला ठाऊक आहे, की तुमच्या दारापासून आप्पा कुठे कुठे पोचले असतील.

अकोट्याहून विश्वामित्रीवरचा तो पूल ओलांडला, सौर पॅनेलचं छप्पर असलेला, की समोर दांडियाबाजार. मराठी पाट्या, मराठी आडनावं, मराठी भांडणंसुद्धा. पुलावर थांबून आप्पा नदीत बघत असतील, कारण त्या नदीत मगरी आहेत. भर शहरातून वाहणाऱ्या नदीत! थंडीत त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. तुमच्या मुलीनं त्या पाहिल्यात का? पुढे रावपुऱ्यात तांबेकरांचा वाडा आहे. एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा. बाहेरून साधा लाकडी वाडा, आणि आत भिंतीच्या भिंती रंगवलेल्या, त्यात कृष्ण आहे आणि मराठ्यांच्या लढायाही आहेत. सुरसागर तलाव, त्याच्या मधोमध १११ फुटी महादेव, काठाला न्यायमंदिराची इमारत, मग लहेरीपुरा दरवाजा, आणि सरळ गेलात की मांडवी, जुन्या शहराच्या मधोमध उभा असलेला मंडप. मांडवीखाली उभं राहून चारही दिशांना पाहिलं, की जुनं शहर कसं मांडलंय ते एका नजरेत कळतं. बसच्या माणसाला ही जागा फार आवडेल. चार रस्ते, चार दरवाजे.

आणि एक गोष्ट आप्पांना नक्की माहीत असेल, तुम्हाला असेल की नाही कोण जाणे. तुमचा तो ‘बघून झालेला’ राजवाडा ज्यानं बांधवला, तो मालेगावकडचाच. कवळाण्याचा. शेतकऱ्याघरचा गोपाळ, बारा वर्षांचा, अक्षरओळख नसलेला. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि तो सयाजीराव झाला. त्या पोरालाही हे शहर परकंच होतं, भाषा परकी, माणसं परकी. पुढे त्यानंच १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१० पासून गावोगाव वाचनालयं उभी केली. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय अजून आहे, वरच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे, आणि मराठी पुस्तकांची कपाटं आहेत. राजवाड्यात तुम्ही झुंबरं पाहिलीत. आप्पा बरोबर असते तर त्यांनी तुम्हाला कवळाण्याचा रस्ता सांगितला असता, कुठला फाटा, कुठला थांबा, सगळं.

कमाटी बागेत ते जात असतील, तर तिथे आणखी एक जागा आहे. १९१७ च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले. परदेशातल्या शिक्षणासाठी घेतलेल्या शिष्यवृत्तीचा करार होता तो. या शहरात त्यांना राहायला कुणी खोली दिली नाही. पारशांच्या धर्मशाळेत उतरले, तिथून जात कळल्यावर लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. गाडीच्या वेळेपर्यंत ते या बागेत एका झाडाखाली बसून राहिले. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. तुमच्या एकटेपणाची मी त्यांच्याशी तुलना करत नाही, ती होऊच शकत नाही. पण ‘शहरानं मला जवळ केलं नाही’ हे वाक्य त्या झाडाखाली उभं राहून एकदा मनात म्हणून बघा. मला नाही वाटत, ते पुरतं म्हणता येईल. तुम्हाला या शहरानं दार लावलेलं नाही. दार आतून तुम्ही लावलंय.

सोसायटीतल्या बायकांचं काय, असं विचाराल. तेही आप्पांकडेच आहे. मालेगावचा माणूस घरात अहिराणी बोलत असणार, आणि अहिराणीला गुजराती फार लांब नाही. कंडक्टरनं तर आयुष्यभर सगळ्या बोलींतून सुटे पैसे मागितलेले असतात. दहा महिन्यांत त्यांनी चहावाल्यापासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत किती जणांशी गुजराती चालवलं असेल, ते त्यांच्या शेजारी उभं राहून ऐका. तोडकंमोडकं असेल. तसंच बोलायचं असतं. तुम्ही चुकायला तयार झालात, की त्या बायका हिंदीत येणार नाहीत.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. बदली मागायला सांगू नका. त्या माणसाला वर्षभरात दुसऱ्यांदा उपटू नका. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, कमी पडताय. आणि ते भरून काढायला एक सकाळ पुरेल.

उद्या सकाळी पावणेसातला चपला घालून दाराशी उभ्या राहा. नवऱ्याचा डबा एक दिवस नवरा भरेल, पोहे करूच नका. आप्पा बाहेर पडायला लागले की म्हणा, ‘आप्पा, मी येते.’ ‘येऊ का’ असं विचारू नका, ते नाही म्हणतील. तुमच्याकडे सून सासऱ्याबरोबर अशी हिंडत नसेल, त्यांनाच अवघड होईल. ‘कशाला, ऊन होईल, तुझी कामं राहतील,’ म्हणतील. चार पावलं पुढे चालतील, मागे वळून बघणारही नाहीत. तुम्ही चालत राहा. फोन पर्समध्ये राहू दे, रस्ता फोनला विचारू नका. बस कुठली, थांबा कुठला, खिडकी कुठल्या बाजूची, सगळं त्यांना ठरवू दे. ते जिथे उतरतील तिथे उतरा. जिथे चहा घेतील तिथे घ्या. सेव-उसळ मागवली तर तरी जास्त मागा.

परत आल्यावर, ऊन उतरलं की, दुपारी कमाटी बागेतल्या संग्रहालयात त्यांना तुम्ही घेऊन जा. १८९४ ची इमारत आहे. आत देवमाशाचा अख्खा सांगाडा टांगलाय, एक ममी आहे, आणि तुमच्या अकोट्यात जमिनीखाली सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आहेत, पाचव्या-सहाव्या शतकापासूनच्या. तुम्ही ज्या मातीवर भाडं भरताय, त्या मातीतल्या. मुलीलाही न्या. चौघं जा.

पण ते दुपारी. सकाळी बसमध्ये कंडक्टर जवळ आला की तुमचा हात सवयीनं पर्सकडे जाईल. तो आवरा. तिकीट आप्पांना काढू दे, दोघांचं. आणि ते तुमच्या हातात दिलं, तर उतरेपर्यंत जपून ठेवा.