जीएनएमनंतर अकरा वर्षांनी पहिली नोकरी मिळेल का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: २०१४ ला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) पास, त्याच वर्षी लग्न, देवगड तालुक्यात सासर, दोन मुलं. मधे दोनदा सरकारी भरतीचे फॉर्म भरलेस, निवड झाली नाही. नोकरी अशी एकदाही केली नाहीस. आता धाकटा शाळेत जायला लागला म्हणून दोन हॉस्पिटलांत विचारलंस, तर "अनुभव काय?" म्हणून परत पाठवलं. आता कोण घेणार, आणि घेतलंच तर मला जमेल का, असं तू विचारतेस.

तुला अगंतुगं करते, माझी धाकटी जाऊ तुझ्याच वयाची आहे. मी स्वतः १९९९ ला पास झाले आणि पहिल्या ड्युटीवर उभी राहिले २००७ ला. मधली आठ वर्षं राजापूरजवळच्या गावात चूल, गोठा आणि सासऱ्यांचं आजारपण यात गेली. आज मी वॉर्ड इन्चार्ज आहे आणि नवीन मुलींच्या मुलाखतीला मेट्रनच्या, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांच्या, शेजारी बसते. नोकरी मागायला गेलेल्या बाईच्या पोटात काय होतं ते मला माहीत आहे, आणि समोर बसलेल्यांच्या मनात काय चालतं तेही.

समोरच्याला तुझ्या वयाचं काही पडलेलं नसतं, मुलांचंही फारसं नाही. रात्री अडीच वाजता वॉर्डात एकटी असताना पेशंटला धाप लागली तर ही बाई काय करेल, एवढीच धास्ती असते. मधली वर्षं झाकायला गेलीस तर ती धास्ती वाढते. मागे एकीने नसलेल्या नोकरीचा दाखला आणला होता. आम्ही तिला आयव्ही सेट प्राइम करायला, म्हणजे सलाईनच्या नळीतली हवा काढून ती तयार करायला सांगितली आणि दोन मिनिटांत सगळं उघडं पडलं. तिने खरं सांगितलं असतं तर आम्ही तिला शिकवून घेतलं असतं, कारण तेव्हा आमच्याकडे खरंच माणसं कमी होती.

नोकरी शोधण्याआधी एक काम आहे आणि तू त्याचा उल्लेखच केलेला नाहीस. तुझं रजिस्ट्रेशन चालू आहे का? महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं. २०१४ नंतर तू ते केलं नसशील तर आधी तिथूनच सुरुवात. सीएनईचे, म्हणजे नर्सच्या पुढच्या प्रशिक्षणाचे, तास भरावे लागतील, उशिराचं शुल्क भरावं लागेल, पण मार्ग बंद झालेला नाही. सीएनईच्या कार्यशाळांना जमेल तिथे प्रत्यक्ष जा. चहाच्या वेळात कुठे जागा आहे, कुठली सिस्टर सोडून चालली आहे, हे जेवढं कळतं तेवढं जाहिरातीतून कधी कळत नाही. मला माझ्या पहिल्या नोकरीची खबर अशीच लागली.

दुसरी अडचण नावाची. गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. आपल्याकडच्या निम्म्या मुली कागदपत्रांच्या पडताळणीत इथे अडकतात. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेव आणि कौन्सिलच्या नोंदीतही नाव दुरुस्त करून घे. जाहिरात आल्यावर धावाधाव केलीस तर शेवटची तारीख निघून जाते.

आता नोकरी कुठे शोधायची. माझं मत ठाम आहे: सरकारी जाहिरातीची वाट बघत घरी बसू नकोस. फॉर्म जरूर भर. राज्याच्या सरळसेवा भरतीत सर्वसाधारणपणे खुल्या वर्गाला ३८ आणि मागास वर्गाला ४३ वर्षांपर्यंत मुभा असते, म्हणजे तुझ्या हातात अजून वर्षं आहेत. पण दोन जाहिरातींच्या मधे जी दोन-तीन वर्षं जातात, ती जातातच. तुझी अकरा वर्षं संसाराने खाल्ली असं तू म्हणतेस. तुझं पत्र वाचून मला वाटतं, त्यातली निदान चार या वाट बघण्याने खाल्ली. शिवाय राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी स्टाफ नर्सच्या अनेक जाहिरातींत अनुभवाला वेगळे गुण असतात. छोट्या हॉस्पिटलात काढलेलं वर्ष तिथेही कामाला येतं.

म्हणून पहिली नोकरी कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, नाहीतर देवगडातच, दहा ते तीस खाटांच्या खासगी हॉस्पिटलात शोध. पडव्याचं किंवा डेरवणचं मोठं हॉस्पिटल वर्षभराने. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात प्रत्येक विभाग वेगळा असतो, नवी सिस्टर एका कोपऱ्यात अडकते. तीस खाटांच्या जागी सकाळी सिझर, दुपारी लहान मुलाचा ताप, संध्याकाळी विंचू चावलेला गडी असं सगळं एकाच ड्युटीत हाताखालून जातं. छोट्या जागी काय शिकणार, असं मनात आणू नकोस. डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशाच्या उपचारावरचं काम महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरू केलं आणि ते पुढे 'लॅन्सेट' या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

जायचं कधी? पावसाच्या तोंडावर, मे अखेर ते जून. लावणी सुरू झाली की ताप, लेप्टो (चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस), सर्पदंश, आणि त्यातच गणपतीला निम्मा स्टाफ रजेवर. डॉक्टर लोकांना तेव्हा हात हवे असतात. ओपीडी संपल्यावर दुपारी फाईल घेऊन स्वतः जा, फोनवर विचारू नकोस. फोनवर पहिला प्रश्न अनुभवाचाच येतो आणि तिथेच बोलणं संपतं. समोर गेल्यावर बोलायचं ते असं: "सर, मी २०१४ ची जीएनएम आहे. घरच्या जबाबदारीमुळे काम केलेलं नाही. रजिस्ट्रेशन नूतन केलंय. मला फ्रेशर धरा. पहिला महिना तुमच्या जुन्या सिस्टरबरोबर ड्युटी द्या, महिन्याने बघून ठरवा." एक महिना म्हण. सहा महिने बिनपगारी शिकते असं तोंडातून काढू नकोस, कारण असं म्हणणाऱ्या मुलींना खरंच सहा महिने तसंच राबवलेलं मी पाहिलंय.

पगार सुरुवातीला थोडा असेल आणि तो ऐकून तुला वाईट वाटेल. मला २००७ ला महिन्याला अठराशे मिळायचे, त्यातले चारशे एसटीला जायचे. पण काही गोष्टींवर अडून बस. नेमणुकीचं पत्र लेखी हवं, त्यात पद "स्टाफ नर्स" असं लिहिलेलं हवं. मूळ सर्टिफिकेटं कुणाच्याही कपाटात ठेवायची नाहीत, दाखवायची आणि झेरॉक्स द्यायची. एका ठिकाणी माझी मूळ गुणपत्रिका दीड वर्ष अडकली होती आणि त्या दीड वर्षात मी दोन चांगल्या जागा घालवल्या. सोडताना अनुभवाचा दाखला लेटरहेडवर, तारखांसकट आणि खाटांच्या संख्येसकट घे.

आता तुझा खरा प्रश्न, जमेल का. कामावर उभं राहायच्या आधी दोन महिने घरी अभ्यास कर. जुनी पुस्तकं आहेत म्हणालीस, पण त्यांतलं काही बदललंय. लसीकरणाचं वेळापत्रक तू शिकलीस ते राहिलेलं नाही. पेंटाव्हॅलंट, रोटा, पीसीव्ही, एमआर आणि नवव्या महिन्यातला एफआयपीव्हीचा (पोलिओच्या इंजेक्शनचा) तिसरा डोस, हे नवीन तक्त्यावरून पाठ कर. हॉस्पिटलच्या कचऱ्याचे नियम २०१६ मध्ये बदलले, आता वेगवेगळ्या कचऱ्याला पिवळा, लाल, पांढरा, निळा असे रंग. सीपीआर ३० दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० दाब. उशीवर मोजून बघ, दोन मिनिटांत दंड भरून येतात.

हिशेब रोज कर. ५०० मिली आरएल (एक प्रकारचं सलाईन) चार तासांत द्यायचंय, सेट मिलीला २० थेंबांचा, तर मिनिटाला किती थेंब? साधारण ४२. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो न बघता उत्तर देणारीला मी थांबवते. इन्सुलिनचं तर मनावर कोरून ठेव, कारण तिथे मी स्वतः चुकत होते. दुसऱ्या आठवड्यात २० युनिटची ऑर्डर होती, बाटली ४० ची (मिलीला ४० युनिट) आणि माझ्या हातात १०० ची सिरिंज (मिलीला १०० युनिटच्या खुणांची). २० च्या खुणेपर्यंत भरलं. जुन्या सिस्टरने माझा हात धरला आणि विचारलं, "टोपी कुठल्या रंगाची?" केशरी होती, ४० ची लाल असते. ते तसंच दिलं असतं तर पेशंटला २० च्या जागी ८ युनिट गेले असते. त्या बाई ओरडल्या नाहीत. पुढचे आठ दिवस प्रत्येक सिरिंज भरल्यावर मी त्यांना दाखवून मगच देत होते. तुलाही अशी कुणी सापडली तर तिला सोडू नकोस, पगारापेक्षा ते मोलाचं आहे.

कोकणात काम करायचं तर सर्पदंशाचा पेशंट सांभाळता आलाच पाहिजे. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या सिस्टरला वर्षात एक केस दिसत नसेल, इथे पावसाळ्यात दर आठवड्याला फुरशाची, घोणशीची केस येते. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी नर्सच लावते: स्वच्छ, कोरडी काचेची ट्यूब, दोन मिली रक्त, वीस मिनिटं अजिबात न हलवता. साबणाने धुतलेली ट्यूब चालत नाही, प्लास्टिकची चालत नाही. वीस मिनिटांनी ट्यूब तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर डॉक्टरांना लगेच हाक. आणि चाचणी चांगली आली म्हणून निर्धास्त होऊ नकोस, मण्यारीचं विष रक्तावर नाही, नसांवर चालतं. मण्यार रात्री झोपेत चावते, खूण दिसत नाही, पेशंट पोट दुखतंय म्हणून येतो आणि पहाटे पापण्या खाली यायला लागतात. त्याच्या डोळ्यांकडे बघत राहायचं. प्रतिविष सुरू झालं की पेशंटजवळून हलायचं नाही आणि त्याची ॲलर्जी उठली तर म्हणून ॲड्रेनलिन हाताशी ठेवायचं. एवढं नीट सांगितलंस तर कोकणातला कुठलाही डॉक्टर तुझं वय विचारणार नाही.

आणखी एक गोष्ट तुझ्याकडे आहे, तिची किंमत तुला कळलेली दिसत नाही. म्हातारी "माका गरगरता" म्हणाली किंवा गडी "आंग कसकसता" म्हणाला, की तुला अर्थ लागतो. बाहेरून आलेल्या हुशार सिस्टरांना तो लागायला दोन वर्षं जातात. लेप्टोचा पेशंट "आंग कसकसता, पोटऱ्यो दुखतत" एवढंच सांगतो. तो कालपर्यंत शेतात चिखलात उभा होता हे तू त्याच्या पायांकडे बघून ओळखशील. सासूबाईंचं अंथरुणातलं आजारपण तू तीन वर्षं काढलंस असं लिहिलंयस. पाठीला जखम होऊ दिली नाहीस, हे मुलाखतीत सांग. दर दोन तासांनी कूस बदलणं काय असतं, हे केलेल्या बाईलाच माहीत.

घरचं मात्र आधी ठरव. नोकऱ्या सुटतात त्या बहुतेक रात्रपाळीमुळे. दुपारपाळीचंही तेच, ड्युटी रात्री आठला सुटते आणि वस्तीची गाडी साडेसातला गेलेली असते, मग रोज कोण आणायला येणार? नवऱ्याशी हे जॉइन व्हायच्या आधी बोल आणि हॉस्पिटलात राहायची खोली आहे का ते विचार. मी पहिलं वर्ष आठवड्यातून चार रात्री तिथेच राहत होते. मुलगी रडायची, मीही रडायचे. सासूबाईंनी सांभाळलं म्हणून निभावलं. तुझ्याकडे आता ती बाजू नाही, तेव्हा नवऱ्याला यात पहिल्या दिवसापासून धर. त्याने "बघू" म्हटलं तर तिथेच थांबू नकोस, कुठल्या दिवशी मुलांना कोण बघणार ते कागदावर लिहून घे.

हिपॅटायटीस बीच्या लसीचे तीन डोस शिकताना घेतले होतेस का, ते आठवून बघ. आठवत नसेल तर अँटिबॉडीची तपासणी करून घे. सुई टोचण्याचे प्रसंग पहिल्या वर्षातच जास्त येतात.

शीर सापडणार नाही, हात थरथरेल. माझा पहिले पंधरा दिवस थरथरत होता. दोनदा प्रयत्न करून नाही मिळाली तर तिसऱ्यांदा टोचू नकोस, दुसरीला बोलाव. रोज संध्याकाळी घरातल्या माणसांच्या हातावरच्या शिरा डोळे मिटून बोटाने चाचपून बघ, मी नवऱ्याच्या आणि दिराच्या हातावर तेच करायचे.

रजिस्ट्रेशनची शेवटची तारीख काय आहे ती बघून कळव. कौन्सिलच्या फॉर्ममध्ये कुठे अडलीस तर रविवारी दुपारी मी मोकळी असते, तेव्हा विचार. आणि सेकंदकाटा असलेलं मनगटी घड्याळ आत्ताच घेऊन ठेव, नाडी आणि थेंब मोजायला वॉर्डात मोबाईल काढू देत नाहीत.