सहा मित्र, एक आरव्ही आणि युटाचे नॅशनल पार्क: आठवड्याचा प्लॅन कसा करावा?

तुम्ही विचारलंय की सहा जण मिळून लास वेगासला आरव्ही (आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन आठवडाभरात युटाचे पाचही नॅशनल पार्क करायचेत, जमेल का. माझं स्पष्ट मत, पाच करू नका, तीन करा. झायन, ब्राइस कॅनियन आणि कॅपिटल रीफ. आर्चेस आणि कॅनियनलँड्स मोआब गावाजवळ आहेत, वेगासपासून साडेचारशे मैलांच्या आसपास, ती वेगळी ट्रिप आहे आणि त्यासाठी साधी कार घेतलेली बरी.

आरव्हीला गाडी समजून प्लॅन केला की सगळं गणित चुकतं. ते घर आहे आणि घर रोज हलवायचं नसतं. निघायचं म्हणजे विजेची केबल काढा, पाण्याचा पाइप गुंडाळा, स्लाइडआउट (गाडीचा बाहेर सरकणारा भाग) आत घ्या, कपाटं आणि फ्रीजची दारं नीट लागलीत का बघा, छतावरचे व्हेंट बंद करा, मग डंप स्टेशनवर (सांडपाणी रिकामं करायची जागा) रांग, आणि सहा जणांच्या आंघोळी धरल्या तर सकाळचे दोन तास सहज जातात. म्हणून एका जागी निदान दोन रात्री राहा, आणि परतीचा दिवस सोडला तर दिवसाला तीन-चार तासांच्या वर ड्रायव्हिंग नको. आणि अंधार पडायच्या आत पोचायचंच, तिकडे संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात आणि अनोळखी कॅम्पसाइटवर काळोखात तीस फुटी गाडी रिव्हर्स घेणं खरंच नको वाटतं.

गाडी क्लास सी घ्या, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड असतो ती. 'सहा जण झोपतात' असं लिहिलेलं असतं त्यात जेवायचं टेबल खाली पाडून केलेला बेड पण मोजलेला असतो, म्हणजे त्यावर झोपणारा उठेपर्यंत कोणाला नाश्ता नाही. फ्लोअर प्लॅन बघून बंक बेडवाली गाडी शोधा, किंवा दोघांसाठी एक तंबू सोबत ठेवा, फक्त त्या साइटवर तंबू चालतो का ते आधी बघा. क्रेडिट कार्डाच्या भाड्याच्या गाडीच्या इन्शुरन्समध्ये आरव्ही बहुतेक वेळा येत नाही, तेव्हा ते वेगळं घ्या आणि छताचं नुकसान त्यात कव्हर होतं का हे नक्की वाचा.

आता रस्ता. झायनमधून पूर्वेला जाणारा बोगदा १९३० मध्ये बांधलेला आहे, तेव्हा गाड्या लहान होत्या, आणि आता मोठ्या गाड्यांसाठी तिथले नियम खूप कडक झालेत, म्हणून आरव्हीने तो रस्ता प्लॅनमध्ये धरूच नका. गूगल मॅप मात्र तुम्हाला तिकडूनच पाठवणार, कारण त्याला तुमची गाडी किती उंच आहे ते माहीत नसतं. हरिकेन गावावरून कनाब गावाला जायचं आणि तिथून हायवे ८९ ने वर ब्राइसकडे. वेळ थोडा जास्त लागतो पण डोक्याला ताप नाही. गाडीची उंची, रुंदी, लांबी एका कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा, गाडी कोणीही चालवत असो, समोर दिसलं पाहिजे.

ब्राइसवरून कॅपिटल रीफला हायवे १२ ने जा, अख्ख्या ट्रिपमध्ये मला सगळ्यात आवडतो तो हा रस्ता. एस्कलांटे आणि बोल्डर या गावांच्या मध्ये हॉगबॅक नावाचा भाग लागतो, तिथे रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो आणि दोन्ही बाजूंना खोल दरी, पुढे बोल्डर माउंटनवर साडेनऊ हजार फुटांपर्यंत चढतो. आरव्ही जाते, पण उतारावर ब्रेक दाबून बसायचं नाही, लो गिअरमध्ये उतरायचं, आणि मागे गाड्या साचल्या की टर्नआउट (रस्त्याकडेला थांबायची जागा) बघून बाजूला व्हायचं. एस्कलांटेत पेट्रोलची टाकी फुल करा. ज्याला उंचीची भीती वाटते त्याने त्या दिवशी चालवू नये, आधीच सांगून टाकावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

विजेचं पण आधी समजून घ्या, नाहीतर पहिल्याच रात्री ब्रेकर उडतो. ३० अँपिअरचं कनेक्शन म्हणजे १२० व्होल्टवर साधारण ३६०० वॅट, त्यात एसी, मायक्रोवेव्ह आणि इलेक्ट्रिक केटल एकत्र बसत नाहीत. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडला वीज मिळते, ब्राइस आणि कॅपिटल रीफच्या आतल्या कॅम्पग्राउंडला मिळत नाही, तिथे जनरेटर पण ठरलेल्या वेळेतच चालतो. म्हणून फोन, कॅमेरे गाडी चालू असतानाच चार्ज करून घ्या.

आणि सांडपाण्याचे टॅंक: ब्लॅक म्हणजे टॉयलेटचा, ग्रे म्हणजे आंघोळीच्या आणि सिंकच्या पाण्याचा. हातमोजे घालून आधी पाइप घट्ट बसवा, मग ब्लॅक टॅंकचा व्हॉल्व्ह उघडा, तो रिकामा झाला की बंद करून मग ग्रे, म्हणजे आंघोळीच्या साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. ड्रेनेजवाली साइट मिळाली तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह रात्रभर उघडा ठेवायचा नाही, पाणी निघून जातं आणि घट्ट माल आत साचून बसतो. हे काम पाळीपाळीने करायचं असं निघायच्या आधीच ठरवा, एकाच्याच गळ्यात पडलं तर मैत्रीत कुरबुर होते. तसंच पैशाचं, पेट्रोल, साइट, किराणा एकाच ॲपमध्ये त्याच दिवशी टाकायचं. ड्रायव्हर दोघं ठेवा, दोघांची नावं करारात हवीत, आणि रिव्हर्स घेताना मागे उभा राहणारा माणूस ड्रायव्हरला आरशात दिसलाच पाहिजे.

सप्टेंबरचा शेवट बेस्ट. झायनमध्ये जुलैत ४० अंशांच्या जवळ ऊन असतं, सप्टेंबरअखेर बरंच सुसह्य होतं, ब्राइसला मात्र आठ हजार फुटांवर रात्री चांगलीच थंडी वाजते, जाड पांघरूण न्या. कॅपिटल रीफच्या फ्रूटा भागात जुन्या वसाहतीच्या फळबागा आहेत, त्या दिवसांत सफरचंदं असतात, बाग तोडणीला खुली असेल तर तिथल्या तिथे खाल्लं तर फुकट, घेऊन जायचं तर वजन करून पैसे टाकायचे. वॉचमन आणि फ्रूटाच्या साइट्स सहा महिने आधी खुल्या होतात आणि पटापट जातात, तेव्हा आधी त्या मिळवा, मग गाडी बुक करा.

सहा रात्री अशा तिन्हीकडे दोन-दोन. सातव्या दिवशी सकाळी लवकर निघून आय-७० आणि आय-१५ या हायवेंनी परत या, हा एकच मोठा पल्ला आहे, दोन ड्रायव्हर त्यासाठीच, आणि रात्र नेवाडातल्या व्हॅली ऑफ फायर स्टेट पार्कमध्ये काढा. वेगास तिथून साधारण तासाभरावर, वीजपाण्याच्या साइट्स आहेत, शॉवर आणि डंप स्टेशन पण आहे, म्हणजे टॅंक तिथेच रिकामे करून सकाळी गाडी वेळेत परत देता येते.